माउंटन बाइकची घरची दुरुस्ती: अवजारं कशी निवडायची आणि कोणत्या क्रमाने घ्यायची

बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात. आधी चाळीस-पन्नास नगांची तयार पेटी येते, आणि मग तिच्यातलं काय आपल्या सायकलला लागतं याचा शोध सुरू होतो. निम्मी अवजारं त्या सायकलवर कुठेच बसत नाहीत. ज्या ॲलन की (षटकोनी टोकाच्या किल्ल्या) प्रत्येक कामाला हातात येतात, त्याच नेमक्या पेटीतल्या सगळ्यात मऊ निघतात. आधी सायकल बघायची, मग कामं ठरवायची आणि अवजार शेवटी घ्यायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. कुठलाही गाळू नका, पहिला तर नाहीच.

टप्पा १: सायकल धुवा आणि तिची कुंडली लिहून काढा

बोल्टच्या खाचेत चिखल असेल तर माप कळत नाही आणि अवजारही पूर्ण आत बसत नाही. म्हणून आधी सायकल धुवा. पाण्याचा जोरदार झोत हब (चाकाचा मधला भाग), हेडसेट (हँडल फिरतं तिथली बेअरिंग) आणि बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरतात तिथली बेअरिंग) यांवर थेट मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. वाळली की कागद-पेन घेऊन पुढून मागे या आणि एवढं लिहा:

- व्हॉल्व्ह प्रेस्टा (बारीक) की श्रेडर (जाड, मोटारसायकलसारखा). टायर ट्यूबचा की ट्यूबलेस
- मागचे गिअर किती, चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) कोणत्या कंपनीची
- ब्रेकची कंपनी, मॉडेल आणि आत कोणतं तेल (बहुधा लिव्हरच्या टाकीवर किंवा झाकणावर छापलेलं असतं)
- डिस्क सहा बोल्टांची की मधल्या एका रिंगने धरलेली, म्हणजे सेंटरलॉक
- फोर्क आणि मागचा शॉक हवेचा की स्प्रिंगचा
- पेडलला पाना लावायला सपाट बाजू आहेत, की आतून ॲलन की लावायची खाच
- क्रँकवर (पेडल ज्याला लागतं तो दांडा) आणि बॉटम ब्रॅकेटवर जे काही छापलंय ते जसंच्या तसं
- डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्याला लटकतो त्या हँगरचा प्रकार

मग प्रत्येक बोल्टचं माप लिहा. हाताशी ॲलन की नसतील तर कोणाकडून तासाभरासाठी मागून आणा किंवा कंपनीचं मॅन्युअल उघडा. माउंटन बाइकवर साधारण असं निघतं: स्टेम (हँडल धरणारा भाग) ४ किंवा ५ मिमी, ब्रेक कॅलिपर (डिस्कला पॅड दाबणारा भाग) ५ मिमी, चाकाचा आरपार ॲक्सल ५ किंवा ६ मिमी, डिस्कचे बोल्ट टॉर्क्स (चांदणीच्या आकाराची खाच) टी२५, क्रँक आणि पेडल ८ मिमी. पण हे ‘साधारण’ झालं. यादी तुमच्या सायकलवरूनच व्हायला हवी.

तपासा: बोल्टच्या शेजारी आकडा छापलेला दिसतोय का? ‘५ न्यूटन-मीटर’ (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं, म्हणजे टॉर्कचं माप) असं काही असेल तर तोही मापासमोर टिपा. चौथ्या टप्प्यात लागेल.

टप्पा २: कामांच्या तीन याद्या करा

पहिल्या यादीत दर आठवड्याची कामं: धुणं, हवा, चेनला तेल, बोल्ट सैल झालेत का ते बघणं. दुसऱ्या यादीत काही महिन्यांनी येणारी: चेन बदलणं, ब्रेक पॅड, ट्यूबलेसचं सीलंट (भोकं बुजवणारा द्रव), गिअरची केबल. तिसऱ्या यादीत वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारी किंवा चुकली तर फ्रेमच निकामी करणारी: दाबून बसवलेला बॉटम ब्रॅकेट, हेडसेटचे कप, फोर्कच्या आतला डॅम्पर (सस्पेन्शनची हालचाल मंदावणारा भाग), चाक नव्याने विणणं.

पहिल्या यादीची अवजारं आत्ता घ्या. दुसऱ्या यादीतलं अवजार ते काम पहिल्यांदा येईल त्या आठवड्यात घ्या. तिसरी यादी मेकॅनिककडे जाऊ द्या. ‘पुढे कधीतरी लागेल’ म्हणून घेतलेलं अवजार लागायची वेळ येते तेव्हा सायकलच बदललेली असते, किंवा मापं.

टप्पा ३: ॲलन की आणि टॉर्क्स, इथे हात आखडू नका

घरच्या कामातला फार मोठा वाटा या दोनच प्रकारांचा आहे, म्हणून चांगल्या प्रतीवर खर्च करायचा तर पहिला इथे. २, २.५, ३, ४, ५, ६ आणि ८ मिमी हव्यात. टॉर्क्समध्ये टी२५ हवाच, आणि यादीत निघाला तर टी१० किंवा टी३०.

घडी घालून खिशात ठेवायचा संच घरच्या कामाला मुख्य अवजार म्हणून घेऊ नका. त्याच्या दांड्या आखूड असतात, जाड मुठीमुळे कॅलिपरच्या बोल्टपर्यंत पोचत नाहीत, आणि जोर तिरका लागतो. एल आकाराच्या लांब दांड्याच्या की घ्या. जोराचा हिशेब सोपा आहे. पेडल साधारण ४० न्यूटन-मीटरला आवळलेलं असतं. ते २० सेंटिमीटरच्या दांड्याने सोडवायला टोकावर सुमारे २० किलोचा भार द्यावा लागतो, तो हाताने देता येतो. दांडा १० सेंटिमीटरचा असेल तर ४० किलो लागतील, आणि मग हिसका, सटकलेली की आणि चेनरिंगवर सोललेली बोटं.

लांब टोकावर गोळा असलेल्या की सोयीच्या, कारण तिरक्या कोनातूनही फिरतात. पण गोळा खाचेला अगदी थोड्या जागी टेकतो. सैल झालेला बोल्ट भराभर फिरवायला तो वापरा. पहिला जोर आणि शेवटचं आवळणं नेहमी सरळ कापलेल्या टोकाने करा.

सावधान: इंची की मिमीच्या संचात मिसळू देऊ नका. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. ती ५ मिमीच्या खाचेत जाते, थोडी डुलते, आणि जोर लावला की बोल्टचं डोकं आतून गोल करते. तसंच टी२५ चं टोक ४ मिमीच्या षटकोनी खाचेत शिरतं. शिरतं म्हणून चालतं असं नाही.

तपासा: नवी की चांगल्या स्थितीतल्या बोल्टमध्ये पूर्ण खाली बसवा आणि बोटाने हलवून बघा. लक्षात येण्याइतकी डुलत असेल तर परत करा. वापरातल्या कीच्या कडा गोल झाल्या, तर तेवढी एकच की बदला. २ आणि २.५ मिमीच्या की सगळ्यात आधी जातात.

पेडलसाठी एक जास्तीची नोंद. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. घड्याळाच्या काट्यांचा विचार करत बसू नका. दांडा वर उभा धरा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकला, दोन्ही पेडलं अशीच सुटतात. पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळली जातात. सपाट बाजूंच्या पेडलना १५ मिमीचा पातळ पेडल पाना लागतो. नेहमीचा पाना जाड असतो, फटीत शिरत नाही.

फुली असलेल्या स्क्रूंबद्दलही इथेच सांगतो. शिमानोच्या बऱ्याच जुन्या डिरेलरवरच्या मर्यादा-स्क्रूंची (चेन टोकाच्या गिअरबाहेर जाऊ न देणारे स्क्रू) फुली जपानी मानकाची, म्हणजे जेआयएस असते. दिसायला ती फिलिप्ससारखीच, पण फिलिप्सचं टोक तिच्यातून वर सटकतं आणि फुली खाऊन टाकतं. तसे स्क्रू असतील तर जेआयएस टोकाचा एक स्क्रू ड्रायव्हर घ्या. नव्या डिरेलरवर अनेकदा २ मिमीची ॲलन की चालते.

टप्पा ४: टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला ‘टक’ करणारा)

‘हाताला कळतं किती आवळायचं’ असं म्हणणाऱ्यांचा हात ८ मिमीच्या बोल्टवर बहुधा कमी पडतो आणि ४ मिमीच्या बोल्टवर जास्त. ५ न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटिमीटरच्या दांड्यावर जेमतेम ५ किलो. लोक सहज याच्या दुप्पट लावतात आणि स्टेमचे आटे जातात. कार्बनचा हँडलबार असेल तर चिरेपर्यंत प्रकरण जातं.

आधी छोटा पाना घ्या, साधारण २ ते २० न्यूटन-मीटरच्या पल्ल्याचा. स्टेम, कॅलिपर, डिस्क, सीटपोस्ट, शिफ्टर हे सगळं त्यात येतं. मोठा, १० ते ६० च्या आसपासचा, कॅसेट आणि सेंटरलॉक डिस्कसाठी लागतो. त्या दोन्हींना साधारण ४० न्यूटन-मीटर लागतात. मोठा पुढे घेतला तरी चालेल. एकाच मोठ्या पान्यात सगळं भागवायचा मोह टाळा, कारण पल्ल्याच्या अगदी खालच्या टोकाला हे पाने बेभरवशाचे असतात.

आकडा कुठून घ्यायचा? आधी सुट्या भागावर छापलेला, तो नसेल तर त्या भागाच्या कंपनीच्या मॅन्युअलमधला. इंटरनेटवरचे सरसकट तक्ते नकोत. सहा बोल्टांच्या डिस्कसाठी शिमानो २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते आणि स्रॅम ६.२. दिसायला बोल्ट सारखाच.

वापरण्याचा क्रम:

१. आकडा लावा, लॉक करा, योग्य टोक पूर्ण आत बसवा.
२. मुठीच्या मध्यावर धरा. दांड्याला नळी जोडून लांबी वाढवू नका.
३. हळू, एकसारखं फिरवा. ‘टक’ झालं की थांबा. खात्रीसाठी पुन्हा एकदा टक करण्याची सवय लागते आणि दर वेळी बोल्ट थोडा जास्त आवळला जातो.
४. स्टेमसारखे चार बोल्ट असतील तर कर्णरेषेत, थोडं थोडं करत आवळा आणि वरची-खालची फट मॅन्युअलप्रमाणे राहतेय ना ते बघा.
५. काम झालं की आकडा सगळ्यात खालच्या मापावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते.

सावधान: टॉर्क पान्याने बोल्ट सोडवू नका. अनेक पाने फक्त उजवीकडे फिरवतानाच मोजतात. डाव्या पेडलसारख्या उलट्या आट्यांवर ते ‘टक’ करणारच नाहीत आणि तुम्ही पिळत राहाल. कमी मापावर टक फार हलका असतो, म्हणून गाणी बंद ठेवा.

टप्पा ५: हवा, दोन पंप आणि एक गेज

टायरला उभा पंप घ्या, जाड नळकांड्याचा. माउंटन बाइकच्या टायरला दाब कमी लागतो पण हवा भरपूर लागते. रस्त्याच्या सायकलसाठी बनवलेला बारीक पंप १६० पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं एकक) जातो, पण तुम्हाला हवे असतात साधारण २० ते ३०. त्याच्या तबकडीवर हा सगळा भाग बोटभर जागेत कोंबलेला असतो. दोन पीएसआयचा फरक दगडधोंड्यांवर स्पष्ट जाणवतो, म्हणून कमी दाबाचं वेगळं गेज घ्या आणि नेहमी त्यानेच मोजा. दोन गेजचे आकडे जुळत नाहीत यावर डोकं खपवू नका. एकच गेज सतत वापरलं की झालं.

टायर काढायला प्लास्टिकचे लिव्हर घ्या. धातूचे लिव्हर ट्यूबलेसची रिम-टेप फाडतात, आणि मग हवा कुठून जातेय ते दोन दिवस सापडत नाही. टायर निघत नसेल तर जास्त लिव्हर लावणं हा उपाय नाही. टायरची दोन्ही बाजूंची कड सगळीकडून दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, ढिलाई तिथूनच मिळते.

ट्यूबलेस असेल तर आणखी दोन बारीक वस्तू लागतात: व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हचा आतला सुटा भाग) काढायचा छोटा पाना आणि सीलंट भरायची सिरिंज. कोअर काढून पंप मारला की हवा एकदम आत जाते आणि टायर रिमवर पटकन चढतो. वेगळ्या टाकीचा महागडा पंप घेण्याआधी हे करून बघा. सीलंट टायरच्या आकाराप्रमाणे साधारण ६० ते १२० मिली लागतं. ते काही महिन्यांत वाळतं, उन्हाळ्यात लवकर.

हवेच्या फोर्कला आणि शॉकला वेगळा शॉक पंप लागतो. आत हवा थोडी आणि दाब जास्त, त्यामुळे टायरचा पंप इथे कामाचा नाही. ३०० पीएसआयपर्यंत जाणारा पंप दोन्हींना पुरतो. बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं, म्हणजे सॅग, हे मोजायला दांडीवरची रबरी रिंग आणि एक मोजपट्टी पुरे. साधारण २० ते ३० टक्के ही सुरुवातीची जागा.

सावधान: शॉक पंप सोडताना ‘फुस्स’ होतं ती नळीतली हवा असते. पुन्हा लावून बघितलं की आकडा कमी दिसतो, कारण शॉकमधली थोडी हवा नळी भरायला जाते. ‘हवा गेली’ समजून लोक दर वेळी वाढवत जातात आणि शॉक दगडासारखा होतो.

टप्पा ६: चेन आणि गिअर

पहिलं अवजार चेन-गेज. चेन घासली की तिच्या पिनांमधलं अंतर वाढतं आणि ती कॅसेटचे दात खाऊ लागते. चेन वेळेवर बदलणं कॅसेट बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. ११ आणि १२ गिअरच्या चेन ०.५ टक्के वाढल्या की बदला, १० किंवा कमी गिअरच्या ०.७५ टक्क्यांना. कंपनीने वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळा. गेज नसेल तर मिलिमीटरची पट्टी चालते. पिनच्या मध्यापासून मोजत २४ आखूड कड्या नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी भरतात. ३०६.३ म्हणजे ०.५ टक्के, ३०७.१ म्हणजे ०.७५. चेन ताणलेली ठेवूनच मोजा.

दुसरं, चेन तोडायचं अवजार, तुमच्या गिअरसंख्येला चालणारं. १२ गिअरची चेन अरुंद असते. जुन्या, रुंद खाचेच्या अवजारात ती डुलते आणि पिन तिरकी जाते. तिसरं, क्विक लिंक (चेन जोडणारी, सुटी होणारी कडी) उघडायची पक्कड. साध्या पक्कडीने लिंक उघडतेही, पण कडीची बाहेरची पट्टी वाकवून. १२ गिअरच्या काही लिंक एकदाच वापरायच्या असतात. पाकिटावर वाचा आणि एक जास्तीची घरात ठेवा.

कॅसेट काढायला लॉकरिंगचं (कॅसेट आवळून धरणारी रिंग) खाचांचं अवजार आणि चेन-व्हिप (कॅसेट फिरू न देणारा, चेनचा तुकडा लावलेला दांडा), दोन्ही लागतात. एकटं लॉकरिंगचं घेऊन उपयोग नाही, कॅसेट मागे फिरत राहते. केबल बदलणार असाल तर केबल कटर घ्या. साध्या पक्कडीने बाहेरचं आवरण चेपतं, आतली तार पिंजते, आणि मग गिअर जड का पडतो याचं कारण भलतीकडे शोधलं जातं.

तपासा: गिअर बिघडला की स्क्रूला हात लावण्याआधी मागे उभं राहून बघा. डिरेलरची दोन्ही चाकं कॅसेटच्या समांतर आहेत का? सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर हँगर वाकलेला असतो, आणि वाकलेल्या हँगरवर कितीही स्क्रू फिरवले तरी गिअर जमत नाही. हँगर सरळ करायचं गेज हे चांगलं अवजार आहे, पण त्याआधी तुमच्या फ्रेमचा जास्तीचा हँगर आणून ठेवा.

टप्पा ७: ब्रेक, आधी तेल आणि मग किट

इथली चूक सगळ्यात महाग पडते. शिमानो, मॅगुरा, टेक्ट्रो यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. स्रॅमचे बरेचसे डॉट तेलावर, पण त्यांचे काही नवे ब्रेक मिनरल ऑइलचे आहेत. म्हणून कंपनीच्या नावावरून ठरवू नका, लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचा. चुकीचं तेल गेलं तर आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. डॉटच्या सिरिंज मिनरल ऑइलला कधीही वापरायच्या नाहीत, धुऊनही नाही. डॉट तेल रंग खातं, तेव्हा हातमोजे घाला आणि सांडलेलं लगेच पाण्याने धुवा.

ब्लीडिंगचं (ब्रेकमधली हवा काढायचं) किट पहिल्या दिवशी नको. त्याआधी लागतात आयसोप्रोपिल अल्कोहोल, फक्त डिस्कसाठी राखलेला स्वच्छ कपडा आणि पिस्टन मागे ढकलायचा प्लास्टिकचा लिव्हर. एक व्हर्नियर कॅलिपरही घ्या. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, शिमानोच्या बऱ्याच डिस्कवर १.५ मिमी. पॅडवरचा घासणारा थर शिमानो ०.५ मिमीपर्यंत चालवू देते. डोळ्यांनी हे कळत नाही.

सावधान: चाक काढलेलं असताना ब्रेक दाबू नका. पिस्टन बाहेर येतात. पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा तुकडा घालून ठेवा. चेनला स्प्रे मारताना डिस्कवर कापड टाका. तेल लागलेले पॅड घासून परत चांगले होतात हे मी तरी मानत नाही, बदलून टाका.

टप्पा ८: स्टँड आणि डबे-बाटल्या

सायकल उलटी ठेवून काम होतं, पण लिव्हर आणि शिफ्टर घासतात, ब्रेकच्या टाकीत हवा असेल तर ती नळीत शिरते, आणि गिअर उलट्या बाजूने बघून लावावे लागतात. पकडीचा स्टँड घ्या. पकड सीटपोस्टवर लावा, फ्रेमच्या नळीवर नाही. कार्बनच्या नळीवर तर मुळीच नाही. खाली-वर होणारा ड्रॉपर पोस्ट असेल तर चकचकीत दांडीवर न धरता बाहेरच्या जाड भागावर धरा. तेवढा भाग बाहेर नसेल तर साधा जुना सीटपोस्ट घालून काम करा.

बाटल्या थोड्याच: सायकलचं ग्रीस, चेनचं तेल, डीग्रीझर, निळा मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद), आणि कार्बनचे भाग असतील तर कार्बन पेस्ट. कार्बनच्या पकडीत ग्रीस घालू नका, भाग सरकतो आणि मग जास्त आवळला जातो.

टप्पा ९: जे घ्यायचं नाही

बॉटम ब्रॅकेटची अवजारं ‘संचात आहेत म्हणून’ घेऊ नका. मापं अनेक आहेत आणि बहुतेक एकमेकांना चालत नाहीत. ते काम येईल तेव्हा पहिल्या टप्प्यातली नोंद बघून एकच घ्या. आट्यांचा असेल तर लक्षात ठेवा: इंग्लिश आट्यांच्या ब्रॅकेटमध्ये चेनच्या बाजूचा कप उलटा फिरतो. दाबून बसवायचे बेअरिंग आटे पाडलेली सळई आणि वॉशर लावून बसवण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. तिरकं बसलं तर फ्रेम जाते, म्हणून मी ते सुचवणार नाही. स्पोकची की घ्या, पण निपल (स्पोक ताणणारी छोटी नट) मोजून: ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिमी ही जवळजवळची मापं आहेत आणि एका मापाने मोठी की निपलच्या कडा खाते.

टप्पा १०: खिशातल्या अवजाराची परीक्षा

घरची अवजारं जमली की पाठीवरच्या पिशवीतला छोटा संच काढा आणि फक्त त्यानेच ही कामं करून बघा: दोन्ही चाकं काढा, कॅलिपर सैल करून पुन्हा लावा, हँगर बदला, चेन तोडून क्विक लिंकने जोडा, टायर उतरवून ट्यूब घाला. ८ मिमी नसते, टी२५ बोल्टपर्यंत पोचत नाही, चेन तोडायचा भाग १२ गिअरला चालत नाही, असं काहीतरी निघतंच. जे निघेल ते पिशवीत घाला, आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुमच्या रिमच्या खोलीला पुरेल एवढा लांब आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या.